आधी मीटर, मग मोटार

सावरोली-खारपाडा रस्त्यावरचं कुंभिवली हे खालापूर तालुक्यातलं गाव. एका अंगाला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि पूर्वेकडे मान वर केली की सह्याद्रीची भिंत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खालापूर टोलनाका इथून फार लांब नाही. या पट्ट्यात घरापुढे बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा अर्टिगा उभी असण्याचं आता कुणाला अप्रूप नाही. नवा आहे तो प्रश्न: पुढची गाडी विजेवरची घ्यावी का? आणि घ्यायची, तर नुकतीच बाजारात आलेली, अजून कुणी वर्षभरही चालवून न पाहिलेली एसयूव्ही घ्यावी का?

मुंबईतल्या माणसाला विजेची गाडी घेताना पहिली परवानगी सोसायटीची काढावी लागते. पार्किंग कुणाचं, केबल कुठून न्यायची, मीटर कुणाच्या नावावर, यावर वाद रंगतात. कुंभिवलीत अंगण स्वतःचं, भिंत स्वतःची, छप्परही स्वतःचं. गाडी रात्री जिथे उभी राहते तिथेच ती चार्ज होऊ शकते, ही या खरेदीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. शोरूममध्ये तिचा विषय निघत नाही, कारण ती गाडीत नसते, गिऱ्हाइकाच्या घरी असते. मात्र त्याच घरी व्होल्टेज पडतं, पावसाळ्यात लाइट जाते आणि बोरघाट दारातच उभा असतो. म्हणून इथल्या खरेदीदाराने हिशेब स्वतःच्या गावचा मांडायला हवा. महानगरातल्या माणसाचा हिशेब त्याला लागू पडत नाही.

आधी गाड्यांकडे पाहू. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी महिंद्राने चेन्नईत बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई या दोन विजेच्या एसयूव्ही लोकांपुढे आणल्या. दोन्ही तयार होतात पुण्याजवळ चाकणला. '६ई' या अक्षरांवरून इंडिगो विमान कंपनी न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच पहिल्या गाडीचं नाव बीई ६ झालं. सुरुवातीच्या किमती होत्या १८.९० लाख आणि २१.९० लाख. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी बुकिंग उघडलं, आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या ७३ टक्के सर्वांत वरच्या 'पॅक थ्री' प्रकारच्या होत्या. त्या प्रकाराची किंमत बीई ६ला २६.९० लाख आणि एक्सईव्ही ९ईला ३०.५० लाख. मार्चमध्ये गाड्या घरोघर पोचायला लागल्या त्याही आधी याच महागड्या प्रकारच्या. स्वस्त प्रकारांना पुढच्या महिन्यांच्या तारखा मिळाल्या. म्हणजे वर्तमानपत्रातल्या ठळक अक्षरांतली किंमत एक, आणि पहिल्या लाटेत हाती येणाऱ्या गाडीची किंमत दुसरी. शिवाय या किमतीत घरचा चार्जर धरलेला नव्हता. ७.२ किलोवॉटचा घेतला तर ५० हजार, ११.२ किलोवॉटचा घेतला तर ७५ हजार वेगळे.

३ जून २०२५ रोजी टाटांची हॅरियर ईव्ही आली, २१.४९ लाखांपासून पुढे. बॅटरी ६५ किंवा ७५ किलोवॉट-तासांची. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं बरंचसं गणित घरबसल्या करता येतं.

शोरूममध्ये पहिला आकडा कानावर पडतो तो पल्ल्याचा. ७९ युनिटांच्या बॅटरीची बीई ६ प्रमाणित चाचणीत ६८२ किलोमीटर गेली. ७५ युनिटांची हॅरियर ६२७. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाकं रोलरवर फिरवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या वेळापत्रकाप्रमाणे ती घेतात, आणि त्या वेळापत्रकात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. घाट नाही, वारा नाही, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत तांदळाची गोणी नाही. खुद्द कंपन्याच आता दुसरा, अधिक खरा आकडा देतात. महिंद्रा ७९ युनिटांच्या बॅटरीसाठी प्रत्यक्षात ५०० किलोमीटरच्या वर म्हणते, टाटा हॅरियरसाठी ४८० ते ५०५. टाटांनी या आकड्याला सी-७५ म्हटलंय: शंभरातल्या पंचाहत्तर गिऱ्हाइकांना मिळेल असा अंदाज. तुलना करायची तर या दुसऱ्या आकड्यांची करावी आणि त्यातूनही द्रुतगती मार्गासाठी थोडं वजा करावं. वेग ८० वरून १०० झाला की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त वाढतो, आणि पनवेल ते खालापूरच्या मोकळ्या पट्ट्यात ८०ने जाणारे थोडेच.

घरातली वडीलधारी माणसं मात्र पल्ल्याचं विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो, "घाटात खेचते का?"

खेचते, आणि उत्तम खेचते. मोठ्या बॅटरीच्या बीई ६ची मोटार २१० किलोवॉटची आहे, आणि विजेच्या मोटारीला पूर्ण जोर लावण्यासाठी आधी वेग घ्यावा लागत नाही. जागेवरून निघतानाच तो जोर असतो. चढावर गिअर उतरवा, क्लच दाबा, इंजिन गुरगुरवा, हे काही नाही. प्रश्न खेचण्याचा नसून खर्चाचा आहे, आणि तोही मोजता येतो. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, लोणावळा साधारण ६२० वर. गाडी, पाच माणसं आणि सामान मिळून अडीच टन धरले, तर एवढं वजन ५६० मीटर उचलायला पावणेचार युनिटांच्या आसपास वीज लागते. मोटारीत आणि बॅटरीत वाया जाणारी धरली तर सव्वाचार. सपाटीवर एवढ्या विजेत गाडी पंचवीस किलोमीटर गेली असती. म्हणूनच घाटातल्या जुन्या अमृतांजन पुलाच्या जागेपर्यंत पोचताना पडद्यावरचा पल्ला भराभर उतरतो आणि पहिल्यांदा चालवणाऱ्याचा जीव खालीवर होतो. घाबरायचं कारण नाही. ७९ युनिटांतले चार गेले, इतकंच.

उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटार उलटं काम करते: चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. या कामामुळे गाडीला आपोआप अटकाव होतो आणि ब्रेकवर पाय ठेवायची वेळ कमी येते. ब्रेक तापून निकामी झालेले ट्रक बोरघाटात किती अनर्थ करून गेलेत, हे खोपोलीकरांना सांगायला नको. त्या दृष्टीने ही सोय पल्ल्याइतकीच मोलाची. तिला एक अट मात्र आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि हा अटकाव बराच कमी होतो. कुंभिवलीहून वर जाणाऱ्याला याचा त्रास नाही. पण लोणावळ्यात पाहुण्यांकडे मुक्काम करून, रात्रभर गाडी शंभर टक्के भरून सकाळी घाट उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. तिथे ८०-८५ टक्क्यांवर थांबलेलं बरं.

बोरघाटाला या कल्पनेचं नावीन्य नाही. घाटातला लोहमार्ग १८६३ सालचा. १९२९-३०मध्ये कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली, त्यात स्विस बनावटीची एक लांबलचक, मधोमध सांधलेली, मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनांची जात होती. चाकांच्या जोडदांड्यांच्या विचित्र हालचालीमुळे रेल्वेची माणसं तिला 'खेकडा' म्हणत. या इंजिनांना उतारावर वीज तयार करून ती वरच्या तारेत परत सोडण्याची सोय होती. आज शोरूममधला तरुण विक्रेता ज्या सोयीचं कौतुक करतो, ती कर्जत-खंडाळ्याच्या उतारावर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कामाला लागली होती.

आणि उंचीतून वीज काढण्याचा धंदा तर त्याहून जुना. लोणावळ्याजवळची धरणं बांधून, त्यांचं पाणी मोठाल्या नळांतून घाटाखाली सोडायचं आणि खोपोलीला वीज करायची, हा जमशेटजी टाटांच्या मनातला प्रकल्प. ते १९०४ साली वारले. कोनशिला १९११मध्ये बसली आणि १९१५मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. खोपोलीच्या जनित्रांतून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं, आणि खालापुरातल्या कारखान्यांची व गावांची तहान त्याच नदीवर भागते. आता भिवपुरीलाच हजार मेगावॉटचा पंपाचा प्रकल्प ठरला आहे. दिवसा सौर वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं आणि रात्री ते खाली सोडून वीज करायची. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरने त्यासाठी राज्य सरकारशी करार केला. देशभर रात्री चार्जिंगला लागणाऱ्या गाड्या वाढत जातील तसे असे प्रकल्प लागणारच. सध्या तरी महावितरणच्या तारेतून येणारी बहुतेक वीज कोळशाची आहे, हे विसरून चालणार नाही.

आता घराकडे वळू. निर्णय खरा तिथेच व्हायचा आहे.

पूर्वी वायरिंग केलेल्या घराचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॉटचा असतो. पंखे, टीव्ही, फ्रीज आणि दोन-चार दिवे एवढाच तेव्हाचा विचार. ७.२ किलोवॉटचा चार्जर लावायचा तर महावितरणकडे अर्ज करून भार वाढवावा लागतो, आणि ११.२चा हवा असेल तर थ्री-फेज जोडणी. पण त्याआधी स्वतःला विचारावं की एवढा चार्जर लागतो का? समजा, घरातला कर्ता माणूस पनवेलच्या बाजूला नोकरीला जातो, रोजची धाव ६० किलोमीटर. युनिटला सहा किलोमीटर धरले तर रोज दहा युनिटं, चार्जिंगमध्ये वाया जाणारी मिळून अकरा. साध्या ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर हे साडेतीन तासांचं काम. रात्री अकराला लावली तर अडीचला भरून तयार. ७.२ किलोवॉटच्या डब्याचा खरा उपयोग रिकामी बॅटरी एका रात्रीत भरायची असेल तेव्हा, आणि असं महिन्यातून किती वेळा होतं ते ज्याचं त्याने पाहावं.

चार्जर लहान असला तरी तार लहान चालत नाही. इस्त्री दहा मिनिटं चालते, गीझर अर्धा तास. गाडी मात्र पंधरा अँपिअर वीज तासन् तास ओढत राहते. जुन्या सॉकेटची पाठ त्यात तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं होतं आणि जळका वास येतो. म्हणून मीटरपासून थेट वेगळी जाड तार, तिला स्वतःचा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि औद्योगिक दर्जाचं सॉकेट, एवढं हवंच.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. गावात कित्येक घरांना ते नावापुरतं असतं: भिंतीलगत एक पाइप गाडलेला, त्यात कधीकाळी कोळसा आणि मीठ भरलेलं, वर सिमेंटचं झाकण. पावसाळ्यात जमीन ओली, तेव्हा सगळं ठीक. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडते आणि अर्थिंग निकामी होतं. फ्रीज किंवा पंखा त्याची तक्रार करत नाही, गाडीचा चार्जर करतो. लाल दिवा लावून तो चार्जिंगच नाकारतो. नव्या गाडीत बिघाड आहे असं समजून माणूस सर्व्हिस सेंटरला फोनावर फोन लावतो, आणि शेवटी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर दिवा हिरवा होतो. गाडी बुक करण्याआधी चांगल्या वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावं आणि गरज पडली तर नवा खड्डा करून घ्यावा. वीस लाखांच्या खरेदीत हा खर्च किरकोळ आहे.

पैशांचं गणित दोन घरांसाठी दोन प्रकारे सुटतं. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पायऱ्या असतात, आणि गाडीची युनिटं घरच्या युनिटांवर चढत असल्याने ती वरच्या, महाग पायरीत पडतात. म्हणून गाडीच्या विजेचा दर सढळ हाताने १५ रुपये धरू. डिझेल ९० रुपये आणि डिझेल एसयूव्ही लिटरला १२ किलोमीटर. महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्या घराला डिझेल लागेल ११,२५० रुपयांचं, वीज साधारण ४,२०० रुपयांची. वर्षाला ८५ हजारांच्या आसपास वाचले. दोन गाड्यांच्या किमतीत चार लाखांचा फरक असेल, तर तो पाचेक वर्षांत भरून निघतो. पण गाडी अंगणातच उभी राहून महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर धावत असेल, तर तोच फरक भरायला चौदा वर्षं लागतील. लग्नसराई, देवदर्शन आणि बाजारहाट एवढ्यासाठीच गाडी हवी असलेल्या घराने पैसे वाचवण्याच्या नावाखाली विजेची एसयूव्ही घेऊ नये. आवडली म्हणून घ्यावी, ते वेगळं.

करांचं पारडंही पूर्वीइतकं एकतर्फी उरलेलं नाही. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हींवरचा एकूण कर ५० टक्क्यांपर्यंतच्या पातळीवरून ४० टक्क्यांवर आला आणि त्या स्वस्त झाल्या. राज्यात मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला गेला होता; त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचं विधान परिषदेत सांगितलं. एप्रिल २०२५मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं नवं धोरण ३१ मार्च २०३०पर्यंत आहे. त्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर विजेच्या चारचाकींना पूर्ण टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली. तरीही फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याचा विषय डिसेंबर २०२५च्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेत गाजला. कळंबोली ते किवळे पूर्ण प्रवासाला मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३पासून ३२० रुपये आहे. पुण्याला नियमित जाणाऱ्यासाठी ही सवलत वर्षाकाठी चांगलीच रक्कम होते. नवी गाडी घेतल्यावर फास्टॅगच्या नोंदीत ती विजेची म्हणून लागली आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावं.

पावसाची भीती सगळ्यांनाच वाटते, आणि खालापूर-कर्जतचा पाऊस भीती वाटण्याजोगाच आहे. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला आयपी ६७ दर्जा असतो: मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी शिरू नये. हॅरियर ईव्ही ६०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. हे आकडे साचलेल्या पाण्याचे आहेत. पाताळगंगेच्या किंवा उल्हास नदीच्या फुगलेल्या ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असेल, तर दोन टनांची गाडीही वाहून जाते; तिथे डिझेल आणि वीज सारखंच. आगीचं म्हणाल, तर जून २०२२मध्ये वसईत टाटांची नेक्सॉन ईव्ही पेटल्याची घटना लोकांच्या लक्षात आहे. त्या वर्षी दुचाकींच्याही आगी लागल्या, आणि सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३पासून कडक केले. महिंद्रा आणि टाटांच्या या नव्या एसयूव्हींमध्ये लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे. या बॅटऱ्या तुलनेने सहजासहजी भडकत नाहीत आणि अधिक वर्षं टिकतात.

पावसाळ्यात या गाडीचा एक उपयोग असा, की तो पाहून कुंभिवलीतल्या घराचं मत बदलू शकेल. हॅरियर ईव्ही आणि तिच्या आधीची सुधारित नेक्सॉन ईव्ही आपल्या बॅटरीतली वीज बाहेर देऊ शकतात, नेक्सॉनमधून ३.३ किलोवॉटपर्यंत. जुलैमध्ये झाड पडून तारा तुटतात, डीपी उडतो, आणि लाइनमन पोचेपर्यंत रात्र अंधारात जाते. घरी दिवसाला आठ युनिटं लागत असतील, तर ६५ युनिटांची भरलेली बॅटरी काटकसर न करताही आठवडाभर फ्रीज, पंखे आणि दिवे चालवू शकते. विहिरीवरचा दीड अश्वशक्तीचा पंप फिरवून टाकी भरणंही तिच्या आवाक्यात आहे. इन्व्हर्टरवर पैसे घालणाऱ्या घराने हे जमेस धरावं. छपरावर सौर पॅनेल असतील तर हिशेब आणखी सुधारतो: तीन किलोवॉटची यंत्रणा स्वच्छ उन्हात दिवसाला बाराएक युनिटं देते, म्हणजे ६० किलोमीटरची रोजची धाव निघाली, आणि फेब्रुवारी २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत तिला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. आषाढ-श्रावणात ढगांमुळे हे उत्पादन बरंच घटतं, तेव्हा तार लागणारच.

राहिला प्रश्न थांबायचं की नाही याचा. नव्या गाडीच्या पहिल्या खेपेत सॉफ्टवेअरच्या बारीकसारीक कटकटी निघतात. पुढच्या महिन्यांत त्या इंटरनेटवरून येणाऱ्या सुधारणांनी निस्तरल्या जातात. ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही, त्याने हा काळ जाऊ द्यावा. बॅटरीच्या वॉरंटीचा कागद मात्र पहिल्या दिवशीच वाचावा. आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती आणि खासगी नोंदणीपुरती असते. महिंद्राच्या गाडीत दुसऱ्या मालकाला ती दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर मिळते. गाडी कंपनीच्या कामाला भाड्याने लावण्याचा विचार असेल, आणि या औद्योगिक पट्ट्यात तो बऱ्याच घरांत असतो, तर अटी वेगळ्या लागतात. चाचणीसाठी गाडी मागताना शोरूमभोवतीची चक्कर नाकारावी. घरची चार माणसं बसवून, एसी लावून, खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चढून परत उतरायचं आणि चढताना किती टक्के गेले, उतरताना किती परत आले ते लिहून ठेवायचं.

थांबणाऱ्यांचं फार बिघडतं असंही नाही. बीई ६ आणि एक्सईव्ही ९ईचं बुकिंग उघडल्यावर नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस, महिंद्राने एक्सईव्ही ९एस आणली: तीन ओळी, सात जागा, ५९, ७० आणि ७९ युनिटांच्या तीन बॅटऱ्या, आणि सुरुवातीची किंमत १९.९५ लाख, म्हणजे पाच जागांच्या ९ईपेक्षा जवळजवळ दोन लाखांनी कमी. आजी-आजोबांसह सगळं घर एकाच गाडीतून एकवीरेला निघतं अशा कुटुंबाने फेब्रुवारीत घाई केली असती, तर ही गाडी त्याला शेजाऱ्याच्या अंगणात पाहावी लागली असती.